अठरा कोरी कार्डं

नाही हो ताई, लिहिलेलं मी घेतच नाही, कोरंच घेतो — बसा ना, त्या खुर्चीवर नको, ती बोटीच्या डेकवरची आहे, कापड कुजलंय, बसलात की थेट जमिनीवर. या स्टुलावर बसा. तर कोरंच. बोटीवरचं मेनूकार्ड कसं असतं, पुढे बोटीचं रंगीत चित्र, आत त्या दिवशीचं जेवण, आणि मागची बाजू पांढरी स्वच्छ. शौकिनांना तसंच लागतं. तुमच्या मामेभावानं दिलीही असतील मला, नाही म्हणत नाही — पत्र्याची ट्रंक, हो, झाकणावर लाल पट्टा — पण त्या कार्डांवर तुमच्या आईनं काही लिहिलं होतं असं तो सांगतो म्हणता, ते मला काही... इतक्या वर्षांत काय काय हाताखालून गेलं, कुठलं कुठलं लक्षात ठेवणार!

आणि वेड कसलं म्हणाल तर हे एकच. नऊ वर्षांचा होतो, शेजारच्यांच्या बॅगेवर बोटीचं लेबल चिकटवलेलं होतं, ते मी वाफ देऊन सोडवलं — चोरलं म्हणा, आता तुमच्यापाशी काय लपवायचं — तेव्हापासून सुरू आहे. केबिनच्या किल्ल्या, राखदाण्या, चमचे, ती जेवणाची घंटा. एवढं करून मी स्वतः जन्मात बोटीवर चढलो नाही. तळ्यातल्या होडीत बसलो तरी पोटात ढवळतं. बायको म्हणायची, अख्खी बोट घरात आणलीत, आता मला कुठे उतरवताय तेवढं सांगा. गेली बिचारी. या नादापायी दुकान विकलं, तेव्हा तिचे दागिनेही — नाही, ते जाऊ दे. तुमचं सांगा. आई नर्स होती, परदेशी नोकरी लागली, तुम्ही चार वर्षांच्या, तुम्हाला मावशीकडे ठेवून गेली आणि तिकडेच वारली. ट्रंक तेवढी परत आली, ती मामांच्या माळ्यावर. आणि मावशी जन्मभर म्हणत राहिली की तुझ्या आईनं तुला एक ओळ लिहिली नाही. असंच ना? मावश्याही कधी कधी — हो, खरंच नव्हतं ना माहीत तिला, मग तिचा काय दोष. सुंदर अक्षर होतं, डावीकडे झुकलेलं, पेन्सिलीनं, अगदी बारीक...

बघा. आलं ना तोंडातून.

उठू नका. सांगतो. अठरा दिवसांचा प्रवास, अठरा कार्डं, प्रत्येकाची मागची बाजू भरलेली. मी ती खोडली, ताई. पेन्सिल असली की मला बरं वाटायचं, शाई असली की वाईट — शाई जात नाही ना. पावातला मऊ गर काढायचा, त्याची गोळी करायची, हलक्या हातानं फिरवायची. रबरानं कागदाची लव निघते, गरानं निघत नाही. कोऱ्या कार्डाला भाव तिप्पट, पण नुसत्या पैशासाठी केलं असं नाही हो, हे खोटं नाही सांगत — मला ते लिहिलेलं डाग वाटायचं. एवढी देखणी बोट, आणि मागे कुणाची तरी रडगाणी! असं वाटायचं. असं वाटायचं मला, काय करू.

सतरा गेली. कुठे कुठे गेली ते आता देवालाच ठाऊक. एक ठेवलं, ते बघा, खिडकीशेजारी, चौकटीत. थांबा, काढून देतो... घ्या. तिरपं धरून काय बघताय? पेन्सिलीचा दाब दिसेल म्हणून? नाही दिसणार. दाबही काढतो मी. ओलसर टिपकागद ठेवायचा आणि वरून कोमट इस्त्री. लोक नावाजायचे माझ्या या कामाला. मीसुद्धा आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचो, ओळखा बरं यातलं खोडलेलं कुठलं!

काय लिहिलं होतं? आठवतं ना. का नाही आठवणार. लिहिलं होतं की... समुद्र शांत आहे. की जेवताना तुझी आठवण येते, घास उतरत नाही. मावशीचं ऐक, केस विंचरून घेत जा, तुला वाचता यायला लागलं की ही सगळी कार्डं एकदम देईन — वही कशाला काढलीत? लिहून घेताय? नका, ताई. लिहू नका. ठेवा ती वही, पाया पडतो तुमच्या. खोटं आहे ते. तुम्हाला बरं वाटावं म्हणून जुळवत होतो. तुम्ही नुसतं ऐकून गेला असतात तर खपवलंही असतं मी, पण तुम्ही ते वहीत उतरवणार आणि आई म्हणून उशाशी ठेवणार...

मी वाचलंच नाही. कधीच कुणाचं वाचलं नाही. कार्ड उलटं धरायचं, डोकं खाली, पाय वर — म्हणजे अक्षरं नुसत्या रेघोट्या दिसतात, शब्द डोक्यात शिरत नाहीत. ही माझी युक्ती. म्हणजे मला कळत होतं, नाही का? कळत नसतं तर उलटं कशाला धरलं असतं? बायकोनं एकदा विचारलं होतं, सरळ धरून का नाही हो खोडत, तर तिच्यावर ओरडलो होतो.

फक्त एक. कार्ड उलटं धरलं की वरची ओळ माझ्या हाताशी येते, मी तिथूनच सुरुवात करायचो. आणि अठरा वेळा तोच शब्द हाताखाली आला की उलटासुद्धा वाचता येतो माणसाला. नको म्हटलं तरी येतो. अठराही कार्डांवर वर एकच मायना होता — चि. ठकूस. बाकीचं नाही सांगू शकत, ताई, पण हे शपथेवर सांगतो. सगळ्यात आधी मी तेच खोडायचो. ठकू कोण, कुणाची कोण, मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि गोळी फिरवली.

काय?... तुम्ही?

घेऊन जा ते कार्ड. नाही, बांधून नाही देत, माझे हात नका लागू देऊ त्याला आता. जा, ताई. शिव्या द्यायच्या तर द्या, पण ते कोरं कार्ड असं उलटंपालटं करत उभ्या राहू नका माझ्यासमोर. जा म्हणतो ना.