मांडवाशिवाय धवला

अस्मिता: आजोबा, गेटवरून धावत वर आलात, आधी बसा. आणि ती डिस्क अशी हातात धरून नाचवू नका, चरे पडतील.

हौसेराव: पडू देत! आत काय हाय, त्याला चरे पडायला? काल घरी मांडव उभा राह्यला. अर्दा गाव अंगनात गोला जाला. "दुर्गाबाय गानार, दुर्गाबाय गानार." माज्या पोरानं, शिवानं, प्लेअरमदी तबकडी घातली. आनि नुसता सूंऽऽ! डास बी त्याच्यापरीस बरा गातो गो.

अस्मिता: असं होणारच नाही. मी स्वतः चेक केली होती. डिस्क लिहून झाली की सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमधली फाईल आणि डिस्कवरची फाईल जुळवून बघतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शून्य एरर आला होता. तुम्हाला दाखवलं पण होतं मी.

हौसेराव: दावलंस. मोटा शून्य. मना वाटला, नापास जालो.

अस्मिता: तुमच्या शिवाचा प्लेअर खराब असेल.

हौसेराव: दुसरी तबकडी घातली तर त्याच प्लेअरवर बाया नाचल्या. प्लेअरला फकस्त माजीच बायको नको?

अस्मिता: द्या इकडे. बघते. आणि नसली डिस्कवर तरी टेन्शन नाही. ओरिजिनल कॅसेट आहे ना, पुन्हा भरू. लग्नाला अजून तीन दिवस आहेत.

हौसेराव: कॅसेट नाय.

अस्मिता: नाही म्हणजे? घरी राहिली?

हौसेराव: खाडीत सोरली. सर्वपित्रीला.

अस्मिता: आजोबा!

हौसेराव: तूच बोल्लीस ना. "आजोबा, डिस्क शंभर वर्षं टिकते. कॅसेट आता टाकून दिली तरी चालेल." आता बायकोचा आवाज मी कचऱ्यात टाकू? हलद लावली, कुकू लावला, पानावर ठेवली, सोरली. तिच्या बांगड्या जिथं सोरल्या तिथंच. भरती व्हती. लगेच नाय गेली. वाईच फिरली, मंग गेली.

अस्मिता: मी... मी सहज बोलले होते ते. सगळ्यांना सांगतो आम्ही तसं.

हौसेराव: मना काय म्हाईत, सगल्यांना सांगता. मना वाटला, मनाच सांगतंस.

अस्मिता: थांबा. फाईल अजून माझ्या कॉम्प्युटरवर असेल. ही बघा, आहे. पंचेचाळीस मिनिटं. डिस्कवर पण पंचेचाळीस. पुन्हा जुळवते. बघा आजोबा, अक्षर न अक्षर जुळतंय. डिस्कवर जे भरायचं तेच भरलंय.

हौसेराव: मंग ती गेली कुटं?

अस्मिता: स्पीकर चालू करून ऐकते. मागच्या वेळेला तुम्ही ऐकू दिलं नाहीत.

हौसेराव: नाय दिला. मांडव नसताना धवला वाजवायचा नाय. लगनाचं गाना हाय तो, देवाला बोलवनं हाय. मांडव नाय, नवरी नाय, आनि देव आला तर त्याला बसवशील कुटं? ह्या तुज्या हाफिसातल्या फिरत्या खुर्चीवर? दुर्गाबाय चालीस वर्सं धवलारीन व्हती. पंचक्रोशीतली येक नवरी तिच्या धवल्याबिगर बोहल्यावर नाय चरली. पन मांडव नसला तर राजा आला तरी तोंड उघरायची नाय.

अस्मिता: मग ही कॅसेट कशी भरलीत? तेव्हा कुठे होतं लग्न?

हौसेराव: आजारी व्हती. बोल्ली, आपल्या नातीच्या, नमीच्या लगनापरयंत मी काय पुरत नाय. मंग मी अंगनात चार बांबू रोवले. वर आंब्याचा टहाला टाकला. बोल्लो, घे, जाला मांडव. तर हसली. बोल्ली, "तुमच्या गप्पा खोट्या, आता मांडव बी खोटा." पन बसली त्याच्याखाली. नमीचं नाव घालून सगला धवला गायली. मदी दोनदा खोकली. ती खोकली तरी बी बंद केला नाय मी.

अस्मिता: ...आजोबा, ही टेप चालू असताना स्क्रीनवर रेषा हलत होती, आठवतं? मी तुम्हाला म्हटलं होतं, बघा, आजी गातायत.

हौसेराव: व्हय. बारीक बारीक हालत व्हती.

अस्मिता: मला वाटलं, आजींचा आवाज मऊ असेल.

हौसेराव: मऊ? तिचा? ती हयां गायली तर पलीकडं ठान्याला बाया हलद वाटायला बसायच्या!

अस्मिता: तेच तर. मी वायर बरोबर लावली होती, पण सेटिंग बदलायचं राहिलं. कॉम्प्युटरनं टेप ऐकलीच नाही. त्यानं हा ऐकला. हा मॉनिटरवर चिकटवलेला माइक. साहेबांच्या कामाचा. वायर लावल्यामुळे टेप मुकी फिरत होती आणि हा खोलीतलं ऐकत होता.

हौसेराव: खोलीत तर कोन बी नव्हता. तू नि मी.

अस्मिता: हो.

हौसेराव: म्हनजे शून्य चूक, शून्य चूक करून तू जुलवलास तो...

अस्मिता: डिस्क कॉम्प्युटरशी जुळवली. कॉम्प्युटर टेपशी जुळतो का, ते कानानंच ऐकायला लागतं. ते मी केलं नाही. चूक माझी आहे, आजोबा. पाच मिनिटं तरी ऐकायला हवं होतं.

हौसेराव: तुना ऐकू कोनी दिला नाय?

अस्मिता: तुम्ही नियम सांगितलात. पण मी तुम्ही खाली गेल्यावर चोरून—

हौसेराव: चोरून मी ऐकत व्हतो.

अस्मिता: काय?

हौसेराव: रोज. खाली गेटवरच्या केबिनमदी. तुमचे साहेब लोक गाड्या घेऊन आत गेले का टेप कानाला लावायचो. बारीक आवाजात. तुमाला वाटायचा, वॉचमन बातम्या ऐकतो. टेप घासत चालली म्हनून तर तुज्याकडं आनली. आनि हात परत शिवशिवायला नको म्हनून खाडीत सोरली. नियम मी रोज मोरला, अस्मिता बाय. तुना येकदा मोरू दिला नाय.

अस्मिता: रडू नका ना, आजोबा.

हौसेराव: रडतोय कुटं? मिठागरावर जल्म गेला, डोल्यातून मीठच यायचा. गावाला काय सांगू, ते बोल. जल्मभर थापा मारल्या. खेकड्यानं माजी विडी फुकली, बोल्लो. लोकांनी हसून ऐकला. ह्या बारीला येकच खरी गोष्ट सांगितली, का नमीच्या लगनात तिची आजी गानार. काल सूंऽऽ ऐकून मारोती काय बोल्ला? "हौसेरावच्या पोतरीतली आनखी येक." सगला मांडव हसला. नमी नाय हसली. ती आत गेली.

अस्मिता: आपण ऐकूया एकदा. आवाज खूप वाढवते. कदाचित टेपमधलं काहीतरी आलं असेल, लांबून.

हौसेराव: लाव. मांडव हाय आता घरी. कोनाची बंदी नाय.

(अस्मिता स्पीकरचं बटण शेवटपर्यंत फिरवते. आधी खरखर, मग कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर. मग दोन महिन्यांपूर्वीचा हौसेराव बोलू लागतो.)

डिस्कमधला हौसेराव: ...तर तुजी खुर्ची हाय ना, तयां आमचं भाताचं खाचर व्हता. दुर्गाबाय बांधावर उभी राहून गायली का खाडीची भरती जाग्यावर थांबायची. येकदा कोली भांडायला आले. बोल्ले, बाय, गाना आवर, होऱ्या चिखलात रुतल्या.

डिस्कमधली अस्मिता: काहीही हां, आजोबा!

हौसेराव: बंद कर. बंद कर तो म्हातारा. तिच्या जाग्यावर येऊन बसलाय मेला.

अस्मिता: थोडं पुढे नेते. टेपचा आवाज कुठेतरी...

डिस्कमधला हौसेराव: ...आता खोकली.

डिस्कमधली अस्मिता: कोण?

डिस्कमधला हौसेराव: दुर्गाबाय. टेपमदी. मना पाठ हाय. हयां खोकते, मंग पानी मागते, मंग बोलते, "बंद नको करू."

अस्मिता: टेप मुकी होती ना. तुम्हाला कसं कळत होतं?

हौसेराव: चाक फिरताना दिसत व्हता. गप, ऐकू दे.

डिस्कमधला हौसेराव: आता उंबराच्या झाराला बोलवते. आता कुलदेवाला. आता हलदीला. थांब जरा... आता नमीचं नाव घेतलन.

डिस्कमधली अस्मिता: आजोबा, डोळ्यांत काय गेलं?

डिस्कमधला हौसेराव: तुमच्या एशीची धूल.

हौसेराव: हितं हाय. ह्याच घरीला ती नाव घेत व्हती. टेपमदी. आपल्या दोगांच्या मदी, ह्या टेबलावर. आनि ह्यो बावलट यंत्र माज्याकडं कान लावून बसला व्हता.

अस्मिता: आजोबा, हे मी साफ करते. खरखर काढते, आवाज मोठा करते. नमिताला द्या.

हौसेराव: काय देऊ? आजीचा गाना सांगितला नि आज्याची बरबर? लगनात कोन ऐकल?

अस्मिता: लग्नात नका लावू. तिला द्या. तिची आजी कुठे खोकली, कुठे तिचं नाव घेतलं, हे सांगणारं दुसरं काय उरलंय आता?

हौसेराव: मी हाय ना.

अस्मिता: तुम्ही आहात.

हौसेराव: ...व्हय. मी काय पुरत नाय, अशी बोलायची ती. कर. पन त्यो भरतीचा किस्सा काडून टाक.

अस्मिता: का? छान आहे तो.

हौसेराव: खोटा हाय. भरती नव्हती थांबत. मीच थांबायचो, होडी वाटंत सोरून. कोली माज्याशी भांडायला आले व्हते.

अस्मिता: मग राहू दे की. काहीच कापत नाही मी. नवीन डिस्क घालते. पाऊण तास भरायला जाईल, आणि मग जुळवायला.

हौसेराव: ह्या बारीला शून्यावर इस्वास ठेवू नको.

अस्मिता: नाही ठेवणार. कानाला लावून ऐकणार, शेवटपर्यंत. तुम्ही बसता ना?

हौसेराव: मी खाली गेटवर जातो. माजा आवाज मना ऐकवत नाय.

अस्मिता: चहा तरी घ्या.

हौसेराव: नको. येक काम कर, बाय. नमीचं नाव आला का खिरकीतून हात कर. मी वर बघत उभा राहीन.