सुलटा शिक्का

(नगर, मार्च १९७१. लोकसभेची मतमोजणी चाललेल्या इमारतीबाहेर, लिंबाच्या झाडाखाली.)

शैला : आत्या, ते भाकरीचं फडकं दे इकडं. हवालदाराला सांगून आत पाठवू. आबा आणि तुझे मालक सकाळपासून आपापल्या उमेदवारासाठी मोजणीच्या टेबलाशी उभे आहेत.

गोजरबाई : दोन गठुडी बांधाया पायजे हुती. एकातलं दोगं खायाचे न्हाईत आता.

शैला : आबांना तुझ्या हातची भाकरी चालत नाही, असं कधी झालंय?

गोजरबाई : तुजा बाप काय म्हनला, ठावं हाय? “गोजर, तुज्या मालकाचा मानूस निवडून आला तर तुज्या उंबऱ्याला पाय लावनार न्हाई.” आन मालक म्हनत्यात, आमचा पडला तर म्हायेर तुटलं समज.

शैला : निवडणूक दिल्लीची, आणि रुसवेफुगवे आपल्या घरात.

गोजरबाई : हवालदार काय म्हनत हुता गं?

शैला : मोजणी संपली. फरक अगदी थोडा आहे. कोण पुढं, ते सांगेना. आता शंकेच्या मतपत्रिका परत बघतायत.

गोजरबाई : शंकेच्या म्हंजी?

शैला : दोन शिक्के दिसतात त्या. शाई ओली असताना घडी घातली की दुसऱ्या चिन्हावर उमटते. पण ते ओळखता येतं. शिक्क्यातल्या रेघांची टोकं एकाच बाजूला वळलेली असतात. घडीनं उमटलेला ठसा आरशातल्यासारखा उलटा पडतो. उलटा सोडायचा, सुलटा धरायचा. काय डोकं लावलंय बघ!

गोजरबाई : आन दोनीबी सुलटे असले तर?

शैला : दोन कोण कशाला मारेल?

गोजरबाई : असले तर, म्हनते.

शैला : मग मत बाद.

गोजरबाई : बाद? दोगांना अर्दं अर्दं न्हाई?

शैला : अर्धं मत नसतं, आत्या. कुणालाच नाही.

गोजरबाई : मालकांनी देवाम्होरं वदवून घेतलं, वरच्या चित्रावर मार. तुजा बाप संक्रांतीला आला, त्यानं गळ्याशपत घातली, खालच्यावर. दोगांना व्हय म्हनले.

शैला : आत्या...

गोजरबाई : लबाडी न्हाई केली गं. ज्याचं त्याला दिलं. दोनीबी नीट दाबून मारले.

शैला : हळू बोल.

गोजरबाई : तू शिकलेली हायेस, खरं सांग. जो पडंल, त्यो माज्यामुळं तर न्हाई?

शैला : फरक एका मताचा असेल, तर... नाही. तरीही सांगता येणार नाही. तुझ्या स्वतःच्या मनाचा एकच शिक्का कुठं पडला असता, ते कुणाला ठाऊक?

गोजरबाई : मलाबी न्हाई.

शैला : भोंगा खरखरतोय. निकाल सांगतील आता.

गोजरबाई : मंग हे फडकं घे आन पळ. दोगांच्या मदी ठिव.

शैला : आत्ता? निकाल ऐकून तर—

गोजरबाई : आत्ताच. अजून कुनी पडल्यालं न्हाई.