नको म्हटलं तर नकोच?

न्हाय पण पावणं, मला एक सांगा... जर्मनीला कोण चाललाय? आकाराम! भौतिकशास्त्र शिकवणारा आकाराम! आणि परदेशी शिकायला जाणाऱ्या पोरांना 'परक्या संस्कृतीत कसं वागावं' ह्यो विषय विद्यापीठात शिकवतो कोण? मी! कृष्णात सर!

घसा कोरडा केलाय ओ! "पोरांनो, तिकडं आग्रह नसतोय, भूक असली तर पहिल्यांदा विचारल्यावरच व्हय म्हणायचं!" आमची नेसरीची शबनूर, गेली तिकडं आणि पहिल्याच रात्री फोनवर रडाय लागली, "सर, जेवायला मी नुसतं एकदा नको म्हटलं, तर घरमालकांनी भांडी घासून ठिवली की ओ!" मी तिलाच झापलं. वर्गात काय झोपलीवतीस?

तर तुमाला सांगतो, एक जर्मन प्राध्यापिका आल्या, पोरांसंगं जायला एक शिक्षक निवडायचा म्हणून. घरी जेवायला बोलावलं. बाई ताटावर दोन्ही हात आडवं धरून "नो, नो" करत्यात, आणि मी बोटांच्या फटीतनं बासुंदी सोडतोय! पावण्या माणसाला काय उपाशी धाडायचं?

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांच्या खोलीत बाईंनी सरळ मलाच विचारलं, "कृष्णात, येणार जर्मनीला?" अवो, मनानं मी तिथं उतरलोवतो! बायकोनं स्वेटर आणून ठिवलंवतं! पण तोंड? तोंड कोल्हापूरचं न्हवं का! म्हणालं, "छे छे, मला कशाला, न्या की दुसऱ्या कुणालातरी..." आता ह्यावर माणसानं काय करावं? दंडाला धरावं, "असं कसं सर, तुमीच पायजेसा" म्हणावं, मग मी जरा मान खाली घालून, "बरं, एवढं म्हणताय तर..." पण बाई काय म्हणाली? "ओके!" संपलं! एकदा न्हाय विचारलं परत! आणि दारात उभा असलेला आकाराम, बाईंचं "ओके" पुरं व्हायच्या आत, "मी येतो!" लाज न्हाय, शरम न्हाय, काय न्हाय!

वर विभागप्रमुख मलाच म्हणत्यात, "सर, आकारामना जायच्या आधी तुमचा कोर्स द्या." म्हणजे त्याला शिकवणार कोण? मी! आग लागली अंगाला! गप वर्गात बसवला, म्हटलं, पहिला धडा, विचारलं की लगेच व्हय म्हणायचं. तर ह्यो हसतोय, "सर, एवढं येतंय की मला!"

जाताना मातर दारात थांबला, गोड आवाजात म्हणाला, "सर, तुमच्यासाठी तिकडनं काय आणू?"

म्हटलं, "छे छे... कशाला, नको."

"बरं," म्हणाला, आणि गेला की ओ!