मागच्या सीटवरचं वजन

स्कूटरचा ब्रेक दुरुस्त व्हायची वाट बघत मास्तरीणबाई गॅरेजच्या बाकावर चडफडत बसल्या होत्या. मेकॅनिक मात्र एका मिशीवाल्या गिऱ्हाइकाच्या जुन्या मोटरसायकलला चिकटला होता.

"चेन, प्लग, केबल, सगळं झालं. आता पळवा थेट समुद्रापर्यंत. मागे कुणी बसणार आहे?"

"हो, बसणार आहे."

"वजन सांगा. त्या हिशेबानं मागची स्प्रिंग लावतो."

"तुमचं किती?"

"माझं कशाला?"

"दादा, वडील दवाखान्यात होते तेव्हा रात्र म्हटली नाही की पाऊस, हिला दामटली. एकदा तरी बंद पडली का? ती कुणामुळे?"

"अहो, कामच आहे ते माझं."

"आणि दर खेपेला किनाऱ्यावरून परत आलो की विचारता, समुद्र कसा दिसतो. मला नाही बुवा सांगता येत. चला, स्वतःच बघा."

"अहो, पण... गॅरेज? या बाईंची स्कूटर कधीची खोळंबलीय."

"माझी?" मास्तरीणबाई पर्स उचलून उठल्याच. "मला कसली आलीय घाई! आल्यावर करा. आणि समुद्र कसा दिसतो, तेवढं मला सांगा."