एकवीस नंबरचा हात

अहो, बोटं आत घालू नका — उद्यापासून या सगळ्या पिंजऱ्यांचं तुम्हालाच बघायचंय, मी सुटलो, पण तेवढं एक ऐका माझं. काय? चावत नाहीत? कोण म्हणालं? हिरवी माकडं म्हणतात यांना — हिरवी कसली, उन्हात नेलं तर पाठीवर जराशी हिरवट झाक दिसते, पण उन्हात नेतंय कोण. यांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर विषाणू चांगला वाढतो म्हणे, त्यातनं लस होते. वाईट काम नाही हो. नातीला लस टोचली तेव्हा मीच तिला मांडीवर घेऊन बसलो होतो.

तर एकवीस नंबरची माकडीण. नाव ठेवायचं नाही हा नियम, तो मी पाळला — एकवीसच म्हणायचो. रक्त घेताना चौघं मिळून धरायचे, ती अशी किंचाळायची की मला बघवेना. म्हणून शिकवलं. केळ्याचा तुकडा दाखवायचा, तिनं गजांतून हात बाहेर काढायचा, सुई निघेपर्यंत मी तो धरून ठेवायचा. दोन महिने लागले. डॉक्टरबाई म्हणाल्या, काका, कमाल केलीत. मीही फुगलो, खोटं कशाला सांगू.

मग मूत्रपिंडासाठी एक हवी झाली. कुठलीही चालेल, बाई म्हणाल्या, घाबरलेली नको फक्त. मी रांगेतून नुसता चालत गेलो — मनात कुठलाच नंबर नव्हता, आईशप्पथ नव्हता. तिनंच हात काढला. त्या दिवशी खिशात केळंसुद्धा नव्हतं — तरी मी धरला. झोपेचं इंजेक्शन देईपर्यंत ती माझ्या दुसऱ्या मुठीकडे बघत होती. मूठ रिकामी होती हो. मी ती उघडली नाही. एकवीस मग पिंजऱ्यात परत आली नाही.

ते उबेचं कपाट दिसतंय? त्यातल्या बाटल्यांत तिच्या पेशी अजून वाढताहेत. तीन वर्षं झाली. दर दोन दिवसांनी बाई त्यांना खाणं देतात — खाणंच म्हणतात त्या. मेली असंही मला म्हणता येत नाही.

म्हणून सांगतो, शिकवू नका. किंचाळू दे, ओरबाडू दे —

थांबा. ही सव्वीस. हिला मी नाही शिकवलं, ही समोर बसून एकवीसचं बघायची नुसती... तुमच्याकडेच केलाय हात. नाही, धरू नका. काही देऊ नका. या किल्ल्या घ्या अन् व्हा तुम्ही पुढे.

मी तिचा हात आत घालून येतो.