उजव्या चाकावरचं रबर

(गॅरेज. गाडीचं बॉनेट उघडं. शेजारी जावई आणि सासूबाई. गॅरेज सासूबाईंच्या मुलाचं, म्हणजे जावयाच्या मेहुण्याचं.)

मेहुणा : आवाज नेमका कधी येतो, दाजी?

जावई : आई पुढे बसल्या की.

सासूबाई : ऐकलंस? तुझ्या सख्ख्या आईबद्दल बोलतायत!

जावई : तसं नव्हे हो. स्टिअरिंग वळवलं की कुर्र होतं, मग टक्. एवढंच सांगतोय.

सासूबाई : वळण आलं की जावईबापू माझ्याकडे बघतात. तोंडातून अवाक्षर नाही, नुसतं बघायचं. वजन उतरावं म्हणून मी रात्रीचं जेवण सोडलं रे!

मेहुणा : आई! काय हे?

सासूबाई : वळणावर श्वास रोखून बसते. तरी मेलं वाजतंच.

जावई : मला वाटलं, तुम्हाला गाडी लागते.

सासूबाई : असू दे. कपड्यांची पिशवी भरून आणलीय. आजपासून मी लेकाकडे राहणार. जावयाच्या गाडीला आणखी भार नको.

मेहुणा : आधी आवाज तर सापडू दे. आई, तू बस स्टिअरिंगवर.

सासूबाई : मी?

मेहुणा : हँडब्रेक ओढलाय, गाडी जागची हलणार नाही. हं, फिरव. डावीकडे... आता उजवीकडे. दाजी, इकडे या. या गोल टोपीवर हात ठेवा.

जावई : अरे बापरे, खालून उसळतंय काहीतरी!

मेहुणा : हा स्ट्रट माउंट. शॉकॲब्सॉर्बरचं वरचं टोक गाडीला इथे धरलेलं असतं. लोखंडी पत्रे, मध्ये जाड रबर आणि खाली बेअरिंग. चाक खड्ड्यात आपटलं की धक्का रबर सोसतं. चाक वळलं की बेअरिंगवर स्प्रिंग अलगद फिरते.

जावई : मग आता काय झालंय?

मेहुणा : गाडीचा भार कायम यावर. त्यात इंजिनची धग. रबर कडक होतं, चिरा पडतात, पत्र्यापासून सुटतं. बेअरिंगमध्ये धूळपाणी शिरतं. मग स्प्रिंग फिरत नाही, पीळ खाते आणि एकदम सुटते. कुर्र, टक्!

सासूबाई : आणि नाव माझं!

मेहुणा : आई, तू बसतेस डावीकडे. गेलाय तो उजवा. दाजींच्या बाजूचा.

सासूबाई : परत सांग.

मेहुणा : उजवा गेलाय.

सासूबाई : जरा मोठ्यानं.

जावई : ऐकू आलं, आई.

मेहुणा : पण दाजी, मग आई नसताना आवाज यायचा नाही, हे कसं?

जावई : एकटा असलो की... मी गाणी लावतो. मोठ्यानं. आई असल्या की बंद ठेवतो.

मेहुणा : धन्य आहात! आणि स्पीडब्रेकरवर गाडी हळू करता की नाही?

सासूबाई : हळू? जावईबापूंना तो दिसतो कुठे? डोकं छताला टेकलं की मला कळतं, स्पीडब्रेकर गेला.

जावई : ऑफिसला उशीर होत असतो हो.

सासूबाई : मला दवाखान्यात सोडतानाही?

मेहुणा : बरं, बरं. दोन्ही बाजूंचे माउंट बदलून टाकतो. डावाही तेवढाच जुना आहे. आणि आई, माझ्याकडे राहा की खुशाल. खोली रिकामीच आहे.

जावई : तू गप्प रे! आई, चुकलं माझं. घरी चला.

सासूबाई : कशाला? मी नसले तर काय अडतंय तुमचं?

जावई : संध्याकाळी दार कोण उघडणार?

सासूबाई : किल्ली आहे की तुमच्या खिशात.

जावई : आहे. तरी रोज बेलच वाजवतो ना मी?



मेहुणा : आई? काय करू मग?

सासूबाई : बघत काय उभा राहिलास? हात चालव. आम्हाला घरी जायचंय.