बटणं लावता येतात का

तपासनीस : म्हणजे शर्टाची बटणं वडील स्वतः लावतात, असं लिहू?

मुलगी : लिहा ना. सगळी लावतात. कॉलरचंसुद्धा.

तपासनीस : मागच्या वर्षी तुम्हीच सांगितलं होतंत, झटका आल्यापासून उजवा हात उचलत नाही म्हणून.

मुलगी : तेव्हा ती येत नव्हती. तुमच्या योजनेतली मदतनीस हो. सात महिने झाले, रोज दहा ते बारा येते, आणि बाबांचा हात चालायला लागला.

तपासनीस : चांगलंच आहे की. पण बटणं, चमचा आणि खुर्चीतून उठणं, तिन्हीपुढे 'येतं' लागलं की मदतनीस बंद होते. नियमच आहे तसा.

मुलगी : माहीत आहे मला. म्हणूनच सांगतेय.

तपासनीस : काही त्रास आहे का तिचा? उशिरा येते, उलट बोलते?

मुलगी : छे, नाव ठेवायला जागा नाही. तेच तर दुखणं आहे. सहा वर्षं मी यांना न्हाऊ घालते, भरवते. माझ्यासमोर दोन्ही हात पुढे करून बसतात, घाल शर्ट म्हणून. ती आली की ताठ होतात. तिला विनोद सांगतात. मला कधी एक विनोद सांगितला नाही हो यांनी, धडधाकट होते तेव्हाही.

तपासनीस : असं करते तरी काय ती?

मुलगी : काही नाही. हात मागे बांधून उभी राहते. बटण काजात जाईना झालं तरी नुसती बघते. काल एका बटणाला दहा मिनिटं. मी दारातून बघत होते, जीव नुसता वरखाली. शेवटी लागलं एकदाचं, तर बाबा तिच्याकडे बघून असे हसले, की जळफळाट झाला माझा. खोटं कशाला बोलू.

तपासनीस : तुम्हीही थांबून बघा ना कधी.

मुलगी : केव्हा थांबू? पोरांचे डबे, धुणं, मग शिवणाचं मशीन. ब्लाउज घ्यायला गिऱ्हाईक दारात उभं. मला कुणी रोज दोन तास मोजून दिले असते, तर मीही हात मागे बांधून उभी राहिले असते.

तपासनीस : ती यायची बंद झाली, तर बटणं कोण लावेल?

मुलगी : मीच.

तपासनीस : आणि हात?

मुलगी : आखडेल परत. मागे ती आठ दिवस रजेवर होती, तर चमचासुद्धा सोडला होता त्यांनी.

तपासनीस : हे बघा, प्रश्न मी मघाशी अर्धाच वाचला, चूक माझी. फॉर्मवर आहे, 'घरच्या माणसांसोबत असताना जमतं का?' मदतनिसासोबत काय जमतं, ते विचारलेलंच नाही.

मुलगी : म्हणजे बाबांना माझ्यासोबत जमत नाही, असं मी लिहून द्यायचं.

तपासनीस : खरं असेल तर.

मुलगी : खरंच आहे. म्हणून तर मनाला लागतंय.

तपासनीस : घाई नाही. विचार करून सांगा.

मुलगी : विचार काय करायचा. त्यांचा हात आहे, माझा नाही. लिहा, माझ्यासोबत जमत नाही. तिन्हीपुढे तसंच लिहा.

तपासनीस : इथे सही करा. 'मुख्य काळजी घेणारी व्यक्ती' लिहिलंय, त्याच्या खाली.

मुलगी : ते अजून मीच ना?

तपासनीस : तुम्हीच. दुसरं कोण असणार?

बाबा : (आतल्या खोलीतून) कोण बोलतंय गं? ती आली का?

मुलगी : नाही बाबा, ऑफिसातल्या बाई आहेत. ती सकाळीच येऊन गेली. आता उद्या.

बाबा : उद्या नक्की ना?

मुलगी : हो. पुढचं वर्षभर येणार आहे.

बाबा : मग सकाळी माझी दाढी कर. ती यायच्या आत.

मुलगी : नऊला करते.